बेर्बलिंगचे चर्च आणि बाकावरच्या तीन स्त्रिया

म्युनिक शहरातून दक्षिणेस निघालेली आगगाडी होल्झकिर्खेनला सोडून आपण दुसऱ्या लहान गाडीत बसलो, की बव्हेरियाचा खरा ग्रामीण मुलूख सुरू होतो. मांगफाल नावाची नदी या खोऱ्यातून वाहत जाऊन रोझेनहाइमपाशी इन नदीला मिळते. म्युनिककर १८८३ पासून याच खोऱ्याचे पाणी पितात. दोन्ही बाजूंना गवताची कुरणे, मधूनच गर्द सूचिपर्णी झाडांचे पट्टे, उतरत्या छपरांची रुंद लाकडी घरे, आणि दक्षिणेकडे क्षितिजावर आल्प्सची निळसर भिंत. त्या भिंतीत वेंडेलश्टाइन हे १८३८ मीटर उंचीचे शिखर ठळकपणे उठून दिसते. हा लोहमार्ग १८५७ साली सुरू झाला. त्याच्यामुळेच राजधानीतील चित्रकार, वैद्य आणि हवापालटासाठी निघालेले नागरिक या खेड्यापाड्यांत येऊ लागले.

या मार्गावर बाड आइब्लिंग हे गाव लागते. तेथील दलदलीत काळी, तंतुमय माती सापडते. तिच्या औषधी स्नानांसाठी हे गाव १८४५ पासून प्रसिद्ध आहे. संधिवाताचे रुग्ण आजही तेथे येतात. आम्ही मात्र मातीच्या स्नानासाठी उतरलो नव्हतो. म्युनिकला नोकरीस असलेला माझा भाचा बरोबर होता, आणि आमचे लक्ष्य होते तेथून तासाभराच्या पायवाटेवरचे बेर्बलिंग हे खेडे. प्रवाशांच्या मार्गदर्शिकेत त्याला फार तर दोन ओळी मिळतात. परंतु एकोणिसाव्या शतकातील जर्मन चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्याला या खेड्याचे नाव टाळून पुढे जाता येत नाही. कारण येथील चर्चमध्ये, १८७८ ते १८८२ या काळात, विल्हेल्म लाइब्ल नावाच्या चित्रकाराने प्रार्थनेस बसलेल्या तीन शेतकरी स्त्रियांचे चित्र रंगविले.

लाइब्लचा जन्म १८४४ साली कोलोन येथे झाला. वडील तेथील सुप्रसिद्ध कॅथीड्रलमध्ये संगीताचे प्रमुख होते. म्हणजे चर्चचे वातावरण, तेथील मेणबत्त्यांचा उजेड आणि बाकांवर वाकलेली माणसे हे सारे त्याने बालपणापासून पाहिलेले होते. घरच्यांनी त्याला आधी कुलपे-किल्ल्या करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीस ठेवले होते. बळकट बांध्याचा, शिकारीचा आणि व्यायामाचा षौक असलेला हा तरुण लोहारकामातच रमला असता तर कोणास नवल वाटले नसते. पण त्याचा ओढा चित्रांकडे होता. तो म्युनिकच्या कला अकादमीत दाखल झाला. १८६९ साली म्युनिकमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याचे गेडोन नावाच्या गृहिणीचे व्यक्तिचित्र फ्रेंच चित्रकार गुस्ताव कूर्बे यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याची मनापासून वाखाणणी केली. लाइब्ल पॅरिसला गेला. १८७० च्या तेथील वार्षिक प्रदर्शनात त्याच चित्राला सुवर्णपदक मिळाले. एवढ्यात फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले आणि त्याला परतावे लागले.

पंचविशी ओलांडलेल्या, पॅरिसचे पदक मिळविलेल्या चित्रकाराने म्युनिकमध्ये चित्रशाळा थाटून धनिकांची व्यक्तिचित्रे रंगवावीत, हेच जगरहाटीला धरून झाले असते. लाइब्लने नेमके उलट केले. १८७३ मध्ये त्याने शहर सोडले ते कायमचेच. ग्रासल्फिंग, अमरझे सरोवराकाठचे उंटरशोंडॉर्फ, मग बेर्बलिंग, मग आइब्लिंग आणि शेवटी डोंगराच्या पायथ्याचे कुटरलिंग, असा खेड्यांतून खेड्यांत त्याचा मुक्काम हलत राहिला. सोबतीला योहान श्पेर्ल हा चित्रकार मित्र. तो निसर्गचित्रे काढी. कधी कधी एकाच फलकावर श्पेर्लने झाडे आणि कुरणे रंगवावीत व लाइब्लने माणसे, अशी त्यांची भागीदारी चाले.

या खेड्यांतल्या पहिल्या वर्षांत, म्हणजे साधारण १८७३ ते १८७७ च्या दरम्यान, लाइब्लने एक वेगळी कला हाताळली. ती म्हणजे एचिंग, अर्थात तांब्याच्या पत्र्यावर आम्लाच्या साह्याने केलेले रेखाकोरण. बडोद्याच्या वाचकांना ही कला अपरिचित नाही. १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विभाग सुरू झाला. मूळचे इंदूरचे असलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारखे शिक्षक त्याला लाभले आणि पुढे मुद्राचित्रणाची मोठी परंपरा तेथे उभी राहिली. तेथील छापयंत्राचे ते मोठे चाक फिरताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. गुळगुळीत पत्र्यावर मेणयुक्त लेप द्यायचा, सुईने तो खरवडून चित्र काढायचे, मग पत्रा आम्लात बुडवायचा. जेथे लेप निघाला आहे तेथे आम्ल तांबे खाते आणि बारीक चर पडतात. त्या चरांत शाई भरून, वरची शाई पुसून, ओलसर कागदावर दाबाने ठसा उठवायचा. चित्र उलटे उमटते, म्हणून कलावंताला डावे-उजवे मनात बदलून काढावे लागते. चुकलेली रेघ पुसण्याची सोय जवळजवळ नसते. छायाचित्रे छापण्याची सुलभ रीत येण्यापूर्वी युरोपातील मध्यमवर्गीय घरांत मोठमोठी चित्रे पोहोचली ती बहुतांशी अशाच छापांच्या रूपाने. आपल्याकडे हेच काम शिळाछापाने केले. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्याची यंत्रे आणि तंत्रज्ञ जर्मनीतूनच आले होते. आपल्या आजीच्या देवघरातील सरस्वतीच्या तसबिरीमागे जर्मन यंत्राची घरघर होती, हे सहसा ध्यानात येत नाही.

लाइब्लने एचिंगचे जेमतेम वीसेक पत्रे केले. खेड्यातील म्हातारे-म्हाताऱ्या, मित्रांचे चेहरे, झाडे. संख्येने थोडे असले तरी त्यांचा त्याच्या हातावर झालेला परिणाम थोडा नव्हता. सुईने कपाळावरच्या सुरकुत्या एकेक करून कोरणाऱ्या हाताला मग रंगाच्या कुंचल्यानेही तसेच काम करावेसे वाटू लागले. म्युनिकमध्ये असताना तो रुंद, सढळ फटकाऱ्यांनी रंगवीत असे. आता तो सोळाव्या शतकातील होल्बाइन या जर्मन आचार्याच्या वाटेने, कापडाची वीण आणि कातडीची छिद्रे दिसावीत इतक्या बारकाईने रंगवू लागला. बेर्बलिंगच्या चित्राची ही पूर्वतयारी म्हणावी लागेल. ते तैलचित्र आहे खरे, पण त्याचा स्वभाव एचिंगचा आहे: धिमा, एकाग्र आणि चुकीला क्षमा न करणारा.

बेर्बलिंग गावात शिरताच ते चर्च दिसते. ‘पवित्र क्रूसा’ला वाहिलेले हे देऊळ अठराव्या शतकाच्या मध्यास, फिलिप मिलाउअर या इकडच्याच गवंडी-स्थपतीने बांधले. बाहेरून पाहता खेडेगावच्या चर्चहून ते फारसे निराळे वाटत नाही. दार लोटून आत पाऊल टाकले की मात्र डोळे दिपतात. रोकोको शैलीचा सारा थाट तेथे आहे: छतावरील रंगचित्रे, चुनेगच्चीची वेलबुट्टी, सोनेरी मुलामा दिलेल्या वेदी, देवदूतांची गुबगुबीत बालके. गाईगुरांवर आणि गवतावर पोट भरणाऱ्या पाचपंचवीस घरांच्या वस्तीने आपल्या देवासाठी एवढे ऐश्वर्य उभे करावे, याचे आश्चर्य वाटते. पण आपल्याकडेही ज्या गावात पक्के घर नाही तेथे देवळाला दगडी शिखर असतेच. माणसाची श्रीमंती आणि त्याची श्रद्धा यांचा हिशेब सर्वत्र वेगवेगळ्या वह्यांत मांडलेला असतो.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या सोनेरी वैभवातले जवळजवळ काहीही लाइब्लच्या चित्रात नाही. छत नाही, वेदी नाही, देवदूत नाहीत, धर्मगुरूही नाही. त्याने घेतले ते एक कोरीव लाकडी बाक, मागची भिंत आणि तीन बायका. बाकाच्या कडेच्या फळीवरील वळणदार पानांची नक्षी तेवढी या रोकोको मंदिराची खूण म्हणून चित्रात शिल्लक राहिली आहे.

आम्ही गेलो तेव्हा एक वयस्क बाई वेदीजवळची फुले बदलीत होत्या. पांढरे केस, अंगावर विणलेला साधा स्वेटर, हातात पाण्याची झारी. भाच्याने नमस्कार करून आम्ही कोठून व कशासाठी आलो ते सांगितले. त्या हसल्या आणि मला डाव्या हाताच्या बाकांकडे घेऊन गेल्या. बव्हेरियाच्या खेड्यांत पूर्वी स्त्रियांनी डाव्या बाजूस व पुरुषांनी उजव्या बाजूस बसावे अशी रीत होती. त्यांच्या लहानपणापर्यंत ती कटाक्षाने पाळली जाई, असे त्या म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की आमच्याकडे कीर्तनाला अजूनही बायका एका अंगास आणि पुरुष दुसऱ्या अंगास बसतात. भाच्याने हे भाषांतर करून सांगताच त्यांना मोठी मौज वाटली. मग त्यांनी माझ्या साडीचा पदर हातात घेऊन, बोटांनी चाचपून पाहिला आणि विचारले, “देवळात जाताना हेच नेसतात का?”

“मावशी, त्या विचारताहेत की सणाचे वस्त्र वेगळे असते का,” भाच्याने खुलासा केला.

“असते, म्हणावे. ते पेटीत जपून ठेवलेले असते, आणि आईकडून मुलीकडे जाते.”

त्या बाईंनी मान डोलावली. त्यांच्या आजीचा सणाचा पोशाखही असाच पेटीत ठेवलेला होता, असे त्या म्हणाल्या. दोन देशांतील दोन प्रौढ बायकांना एकमेकींची भाषा येत नसताना, कापडाच्या एका टोकावरून जे बोलता आले त्याला दुभाष्याची फारशी गरज नव्हती.

लाइब्लच्या चित्रातही कापडाला असाच मान आहे. ते मूळ चित्र आज हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले या कलासंग्रहालयात आहे. १८६९ साली उघडलेल्या या संग्रहालयात छापचित्रे आणि रेखाटने यांचाच लाखाहून मोठा संग्रह आहे. आल्फ्रेड लिश्टवार्क यांच्यासारखा रसिक संचालक १८८६ ते १९१४ पर्यंत त्याला लाभला होता. चित्र मॅहॉगनीच्या फळीवर रंगविलेले, ११३ सेंटिमीटर उंच आणि ७७ सेंटिमीटर रुंद, म्हणजे फार मोठे नव्हे. एक तरुणी आहे. तिच्या डोक्यावर त्या मुलखाची काळी टोपी, अंगात सणाचा पोशाख, पुढे बारीक नक्षीचे एप्रन, हातात लहानसे प्रार्थनापुस्तक. तिच्या शेजारी दोन वृद्धा. एकीने पुस्तक डोळ्यांजवळ धरून त्यात जणू डोके खुपसले आहे. दुसरी हात जोडून समोर पाहते आहे. कोणीही आपल्याकडे पाहत नाही. कोणी कोणाशी बोलत नाही. चित्रात घटना अशी काहीच नाही.

त्या काळी शेतकऱ्यांची चित्रे काढणारे चित्रकार म्युनिकमध्ये उदंड होते, आणि त्यांचा खपही चांगला होता. त्यांच्या चित्रांत खेडूत हसत, नाचत, मुलीची छेड काढीत, बिअरचे पेले उंचावीत. शहरी गिऱ्हाइकाला दिवाणखान्यात टांगण्यास ते गोड वाटे. लाइब्लने या बायकांना गोडही केले नाही आणि दीनही केले नाही. तरुणीचे हात पाहावेत: मोठे, सांध्यांत फुगलेले, धारा काढण्याचे व गवत कापण्याचे काम केलेले हात. ते हात पुस्तक धरताना थोडे अवघडलेले आहेत. वृद्धेच्या बोटांची नखे, तिच्या ओठांभोवतीच्या चुण्या, काळ्या कापडावर पडलेली घडी, सगळे सारख्याच आदराने रंगविले आहे. या समान आदरातच चित्राची प्रार्थना आहे असे मला वाटले.

त्या पुस्तकांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रोमन कॅथलिक पंथाची मुख्य उपासना त्या काळी लॅटिन भाषेत चाले. ती लोकभाषेत होऊ लागली ती १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. म्हणजे लाइब्लच्या चित्रातील बायकांना वेदीपाशी धर्मगुरू काय म्हणतो आहे याचा शब्दार्थ कळत नव्हता. उपासना चालू असताना त्या आपल्या जर्मन प्रार्थनापुस्तकातून वाचीत किंवा जपमाळ ओढीत. देवाशी बोलणे ज्याचे त्याने आपल्या भाषेत करावयाचे. संस्कृत मंत्र चालू असताना मागच्या बाजूस बसून आपली ओवीबद्ध पोथी पुटपुटणारी आपली आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रकार समजावून सांगावा लागणार नाही.

आणि या स्त्रियांना वाचता येत होते, ही गोष्ट लहान नव्हे. बव्हेरियात शालेय शिक्षण सक्तीचे झाले ते १८०२ साली. चित्रातील वृद्धेचे वय सत्तरीच्या आसपास धरले तर ती त्या शाळांत बसलेल्या पहिल्या काही पिढ्यांतली ठरते. तिच्या आजीला बहुधा अक्षर येत नसावे. पुस्तक इतके डोळ्यांजवळ धरून, ओठ मिटून, ती ज्या नेटाने वाचते आहे त्यात केवळ भक्ती नाही. कष्टाने मिळविलेल्या एका हक्काचा अभिमानही त्यात आहे. बडोद्याच्या वाचकाला येथे सयाजीराव महाराजांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात, मुलांप्रमाणे मुलींनाही, लागू केला. आपल्या कुटुंबांतील ज्या आज्या-पणज्या ‘शिवलीलामृत’ स्वतः वाचू शकत होत्या, त्यांतील कितीतरी जणींच्या हातात ते पुस्तक त्या एका हुकुमाने दिले होते. त्यांचे असे चित्र कोणी रंगविले नाही, एवढाच फरक.

हे चित्र पुरे होण्यास जवळजवळ चार वर्षे लागली. लाइब्लची पद्धत अशी की आधी आराखडा काढावयाचा नाही, रंगांचे थर एकावर एक चढवायचे नाहीत. एक डोळा घ्यावा, तो पुरा करावा, मग नाक, मग गाल. आज जेवढा तुकडा रंगविला तेवढा आजच संपला. यासाठी बसणाऱ्या बायकांना पुन्हापुन्हा त्याच जागी, त्याच पोशाखात, त्याच स्थितीत बसावे लागे. चर्च थंड आणि ओलसर. हिवाळ्यात बोटे बधिर होत. आपल्या आईला लिहिलेल्या पत्रांत लाइब्लने या गारठ्याच्या तक्रारी केल्या आहेत, आणि बसणाऱ्या स्त्रियांच्या सहनशीलतेची वाखाणणीही केली आहे. चित्रकाराला गारठा सोसण्याचे फळ म्हणून कीर्ती मिळाली. शेतीची आणि घरची कामे सांभाळून तोच गारठा सोसणाऱ्या त्या तिघींना काय मिळाले? चित्राच्या नावात त्या केवळ ‘तीन स्त्रिया’ आहेत. अर्थात चर्चमध्ये तासन्तास निश्चल बसण्याचा सराव त्यांना लहानपणापासूनच होता. चित्रकारासाठी त्या बसल्या त्यातही देवासाठी बसण्याचा काही अंश असावा, असे त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटते.

या चित्राची पहिली परीक्षा गावानेच घेतली. लाइब्लनेच आईला कळविले आहे की शेतकरी चित्र पाहण्यास येत आणि त्यांचे हात नकळत जोडले जात. शहरातील चित्रकारांच्या मतापेक्षा या साध्या माणसांच्या मताला आपण अधिक किंमत देतो, असा त्याचा सूर होता. टीकाकारांनी पुढे या चित्रात दोषही दाखविले. तुकड्यातुकड्याने रंगविल्यामुळे अंगांची प्रमाणे कोठे कोठे बिघडली आहेत. तरुणी शेजारणींच्या मानाने थोराड वाटते. हे खरेच आहे. याच पद्धतीने त्याचे पुढचे मोठे चित्र फसले. चोरून शिकार करणाऱ्यांच्या त्या चित्रावर त्याने १८८२ ते १८८६ अशी वर्षे घालविली. पॅरिसमध्ये ते दाखविल्यावर निराशा पदरी आली, तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने ते कापून त्याचे तुकडे केले. बेर्बलिंगच्या चित्रात मात्र प्रमाणाचा दोष डोळ्याला खुपत नाही. कदाचित प्रार्थनेत बसलेल्या माणसाला आपल्या शरीराच्या प्रमाणाचे भान नसतेच, म्हणून पाहणाऱ्यालाही ते राहत नसावे.

खरी विटंबना पुढे व्हायची होती. लाइब्लच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन दशकांनी जर्मनीत नाझींचे राज्य आले. ‘रक्त आणि माती’ ही त्यांची घोषणा. शुद्ध वंशाचा, मातीशी इमान राखणारा शेतकरी हा त्यांचा आदर्श पुतळा. मग लाइब्लच्या खेडूत स्त्रियांना अस्सल जर्मन कला म्हणून डोक्यावर घेतले गेले आणि त्याचे अनुकरण करणाऱ्यांचे पीक आले. योगायोग असा की त्यांच्यापैकी एक गाजलेला चित्रकार, झेप हिल्झ, हा १९०६ साली आइब्लिंगलाच जन्मला होता. त्याने रंगविलेली ‘खेडूत व्हीनस’, म्हणजे शेतकऱ्याच्या खोलीत वस्त्रे उतरविणारी तरुणी, १९३९ च्या म्युनिकच्या सरकारी प्रदर्शनात झळकली आणि राज्यकर्त्यांनी तिचे कौतुक केले. तेच खोरे, तीच घरे, त्याच मुलखातील स्त्री. पण एका चित्रात ती स्वतःच्या मनात बसलेली आहे आणि दुसऱ्यात ती पाहणाऱ्याच्या उपभोगासाठी व एका खोट्या सिद्धान्ताच्या जाहिरातीसाठी उभी आहे. ग्रामीण स्त्रीची थोरवी गाणारा प्रत्येक जण तिचा आदर करीतच असतो असे नव्हे. आपल्याकडेही दिनदर्शिकांवरील घागर घेतलेल्या गोऱ्यापान खेडूत सुंदऱ्या पाहून आणि मग खरोखर घागर वाहणाऱ्या बाईची मान पाहून हे ध्यानात येण्यासारखे आहे. लाइब्लने मान रंगविली. म्हणून त्याचे चित्र त्या घोषणांच्या चिखलातून स्वच्छ बाहेर आले.

आज बेर्बलिंगच्या बाकांवर गर्दी होत नाही. जर्मनीत २०२२ या एकाच वर्षात पाच लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्चचे सदस्यत्व सोडले. बव्हेरिया हा श्रद्धाळू प्रांत समजला जातो, तरी तोही या ओहोटीतून सुटलेला नाही. फुले बदलणाऱ्या बाईंना मी याविषयी विचारले. त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, “फुले तरी वेळेवर बदलली पाहिजेत ना.” यावर मला काही बोलता आले नाही, आणि बोलण्याची गरजही नव्हती.

बेर्बलिंगहून दक्षिणेला, वेंडेलश्टाइनच्या पायथ्याकडे गेले की कुटरलिंग लागते. १८९२ पासून लाइब्ल आणि श्पेर्ल येथे एका घरात राहिले. उतारवयात लाइब्लचा हात पुन्हा मोकळा झाला. शेतकऱ्यांची अंधारी स्वयंपाकघरे, खिडकीतून येणारा उजेड, चुलीपाशी उभी असलेली बाई, अशी चित्रे त्याने येथे काढली. त्या दणकट देहाला अखेरीस हृदयविकाराने ग्रासले आणि ४ डिसेंबर १९०० रोजी व्यूर्झबुर्ग येथे त्याचा अंत झाला. तेथील दफनभूमीत त्याची समाधी आहे. श्पेर्ल त्याच्यामागे चौदा वर्षे जगला. १९१४ मध्ये तो वारला तेव्हा त्यालाही मित्राच्या शेजारीच जागा देण्यात आली. दोघांनी मिळून रंगविलेल्या फलकांप्रमाणे त्यांची शेवटची जागाही सामाईकच राहिली.

युरोपला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा मार्ग साधारणतः ठरलेला असतो: लंडनचा मनोरा, पॅरिसचे संग्रहालय, स्वित्झर्लंडचा बर्फ. मुलगा किंवा मुलगी जर्मनीत असल्यास आता म्युनिकचीही त्यात भर पडली आहे. त्यांना माझे एवढेच सांगणे की एक दिवस हाती असेल तर मांगफालच्या खोऱ्यात उतरावे, बेर्बलिंगच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या बाकावर पाच मिनिटे काही न बोलता बसावे. आणि उत्तरेस हॅम्बुर्गला जाणे झालेच, तर त्या तीन स्त्रियांसमोर उभे राहून आधी त्यांचे हात पाहावेत, मग चेहरे. त्यांना आपली दखल घेण्याची इच्छा नाही, हे पाहून वाईट वाटून घेऊ नये. त्यांचे लक्ष पुस्तकात आहे.